बहिणीकडून स्टॅम्पवर ‘फारकत’ लिहून मागताहेत. सही करावी का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. गावं आणि काही तपशील बदललेत, मुद्दे तसेच आहेत.

धाकट्या बहिणीचं लग्न २०१७ चं. नवरा पुण्यात आयटीत, मूळ गाव आमच्या शेजारच्या तालुक्यातलं. मुलगी साडेचार वर्षांची. बहीण मुलीला घेऊन कराडला माहेरी आली त्याला सव्वा वर्ष झालं. मारहाण नाही, पण बाकीचं इतकं झालंय की आता परत नांदायला जाणं नाही, हे दोन्ही घरांना पटलंय. त्यामुळे ‘जुळवून घ्या’ हा सल्ला कृपया नको, तो सगळ्या आत्यांनी देऊन झालाय.

गेल्या रविवारी सासरची मंडळी गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आली. सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून आणलेला कागद. मजकूर साधारण असा: उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, पत्नीस एकरकमी तीन लाख मिळाले, यापुढे कसलीही पोटगी वा हक्क मागणार नाही, मुलगी आईकडे राहील, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे. नोटरी त्यांच्या ओळखीचा. ‘कोर्टात गेलात तर पोरगी म्हातारी होईल’ असंही ऐकवून गेले. बाबा सही करून विषय संपवायच्या मनःस्थितीत आहेत.

वाकडला फ्लॅट आहे, २०१९ मध्ये घेतला. करारनामा आणि कर्ज दोघांच्या नावावर. हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो, पण सुरुवातीचे सहा लाख बाबांनी दिले होते, चेकने. सोनं सासूबाईंच्या लॉकरमध्ये. सासऱ्यांची वडिलोपार्जित बागायत जमीन आहे. बहीण एमएस्सी आहे, सध्या घरी शिकवण्या घेते.

कागदावर सही करावी का? आणि नसेल करायची तर पुढचा रस्ता कसा असतो?

चहाबाज

सही करू नका. बाकी नंतर सविस्तर बोलू.

वाडीकर

थोडं वेगळं मत. आमच्याकडे चार पंचांसमोर फारकत होते, कागद होतो, दोन्हीकडची लग्नंही लागतात. माझ्या चुलतभावाचं असंच झालं, आज सुखात आहे. कोर्टात वकिलांचीच घरं भरतात. रक्कम वाढवून घ्या आणि मोकळं करा पोरीला.

काळाकोट

वाडीकर, वकिलांच्या घरांबद्दल नंतर बोलू. माझंही त्यातलंच एक आहे आणि अजून हप्ते चालू आहेत.

आधी कागदाचं. हिंदू विवाह कायदा १९५५ खाली झालेलं लग्न मोडायचा अधिकार न्यायालयाला. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की ही माणसं माझ्यासमोर सही करून गेली. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडाला जागा ठेवलेली आहे, वाडीकर म्हणतात ते तिथून येतं. पण ती रूढी त्या समाजात जुनी आणि सलग पाळली गेलेली आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. २००२ मध्ये अशाच एका फारकतीच्या कागदाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, तेव्हा न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणजे कोर्ट टाळायला म्हणून जो कागद केला, तो खरा ठरवायला कोर्टातच जायचं.

चुलतभाऊ सुखात आहेत कारण अजून कुणी हरकत घेतलेली नाही. वारसाहक्काचा, पेन्शनचा किंवा पहिल्या बायकोच्या मुलाच्या हिश्शाचा प्रश्न निघाला की हा कागद उघडा पडतो. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कोयनाकाठ, तुमच्या बहिणीसाठी खरी मेख पुढे आहे. लग्न मोडायला हा कागद निरुपयोगी असला तरी तिच्याविरुद्ध वापरायला उपयोगी आहे. ‘तीन लाख मिळाले, पुढे काही मागणार नाही’ हे वाक्य पोटगीच्या अर्जाच्या वेळी समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढेल. घटस्फोट तर मिळाला नाहीच, वर पोटगीला खोडा. आणि मुलीची पोटगी सोडून द्यायचा अधिकार आईला नसतोच, तो मुलीचा हक्क आहे.

दोघांची तयारी आहे हे मात्र तुमचं नशीब समजा. रस्ता कलम १३ ब, परस्पर संमतीचा घटस्फोट. वेगळं राहून एक वर्ष झालेलं असलं पाहिजे, ते झालंय. दोघांनी मिळून अर्ज करायचा. पुण्यात करायचा तर शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. लग्न जिथे लागलं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिली, यांपैकी कुठेही चालतं, आणि पत्नी सध्या राहते तिथेही तिला अर्ज करता येतो. तेव्हा ‘पुण्यालाच या’ असं कुणी दटावलं तर दबू नका.

अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन ‘हो, अजूनही हेच हवंय’ म्हणायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा दिली. पण त्यासाठी पहिल्या अर्जाच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं लागतं आणि पोटगी, ताबा वगैरे सगळे मुद्दे मिटलेले लागतात. तुमचं सव्वा वर्ष झालंय. अटी नीट लिहून होईपर्यंत तीन महिने असेही जातील. तेव्हा घाई करून आज अर्ज टाकण्यापेक्षा दीड वर्ष पुरं झाल्यावर टाकलात तर एकूण वेळ कदाचित कमीच लागेल.

तोवर सासरच्यांना सांगा, संमती आहे, पण कोर्टातून. त्यांचा हेतू साफ असेल तर त्यांनाही तेच सोयीचं आहे.

अबोली

वरच्या प्रतिसादाला +१००. मी यातून गेलेली आहे. एकच सांगते: सगळी झटापट कन्सेंट टर्म्स (संमतीच्या लेखी अटी) लिहिताना करून घ्या. न्यायाधीशांसमोर तारखेला जेमतेम पाच-दहा मिनिटं उभं राहायचं असतं. ‘दबावाखाली नाही ना? अटी वाचल्यात ना?’ एवढंच विचारतात. तिथे जाऊन ‘सोन्याचं राहिलं हो’ म्हणायला जागा नसते.

आमच्या मसुद्यात पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘पती मुलाच्या शिक्षणाचा खर्च करील’. माझ्या वकीलबाईंनी पेन काढलं आणि कडेला प्रश्न लिहीत गेल्या. कुठल्या शाळेचा? बसचे पैसे धरून? क्लास? दहावीनंतर? कॉलेज दुसऱ्या गावी मिळालं तर वसतिगृह? फी शाळेत परस्पर भरणार की आईच्या खात्यात, आणि किती तारखेपर्यंत? त्या एका वाक्याचं शेवटी पाऊण पान झालं. तेव्हा मला ते कटकटीचं वाटलं होतं. आज दर जूनला ते पाऊण पान कामाला येतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काळाकोट, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. सही आता होत नाही.

सोन्याबद्दल कुणी सांगेल का? आणि फ्लॅट, जमीन यांत बहिणीचा वाटा किती? इंटरनेटवर कुठे निम्मा म्हणतात, कुठे २५ टक्के.

काळाकोट

२५ टक्के हा आकडा २०१७ च्या एका निकालातून आलाय. नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण पाव हिस्सा पोटगी रास्त ठरेल असं त्यात म्हटलं होतं. तो नियम नव्हे. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मूल कुणाकडे, डोक्यावर कर्ज किती, हे बघून आकडा ठरतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोघांनाही आपापली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बहिणीला सांगा, शिकवण्यांचे पैसे लपवायचे नाहीत. चार हजार लपवले आणि यूपीआयच्या नोंदींतून निघाले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. एमएस्सी आहे म्हणून पोटगी नाही, असंही नसतं. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई यांत न्यायालय फरक करतं.

निम्म्या वाट्याचं म्हणाल तर आपल्याकडे घटस्फोट झाला की नवऱ्याची मालमत्ता आपोआप अर्धी होते असा कायदा नाही. फ्लॅटच्या करारनाम्यावर तिचं नाव आहे, म्हणून तिचा हक्क आहे. नुसता हप्ता तो भरत होता म्हणून तिचं नाव पुसलं जात नाही. बाबांनी दिलेले सहा लाख चेकने दिलेत ना? त्या वर्षीचं बँकेचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा, जुनं मिळायला वेळ लागतो.

सासऱ्यांच्या जमिनीत सून म्हणून तिला हिस्सा नाही. पण जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल तर तिच्या मुलीचा हक्क घटस्फोटाने जात नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत हक्काची वाटेकरी आहे. म्हणून ‘मुलीचाही कसलाच हक्क राहणार नाही’ असली ओळ मसुद्यात शिरली तर तिथेच खोडा. आणि नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर स्थावर काही असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगीचा बोजा त्यावर ठेवता येतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत अशी नोंद दिसली की ती जमीन गुपचूप विकणं अवघड होतं. दरमहा रक्कम ठरणार असेल तर हे नक्की मागा.

सोनं. लग्नात आणि लग्नाच्या निमित्ताने तिला जे दिलं, माहेरचं असो की सासरचं, ते स्त्रीधन, तिची स्वतःची मालमत्ता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते सासरी ठेवायला दिलं तरी मालकी तिचीच राहते. परत न देणं हा अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. लगेच पोलिसांत धावा असं म्हणत नाही, संमतीची गाडी रुळावर आहे. पण यादी करा. लग्न ठरवताना केलेली याद सापडते का बघा, सराफाच्या पावत्या आणि लग्नाचे फोटो बघा.

अबोली

सोन्याच्या यादीत नुसतं ‘पाटल्या दोन’ लिहू नका. वजन, घडण, कुठल्या सराफाच्या आणि कुठल्या फोटोत हातात दिसतात हेही लिहा. माझ्या मोहनमाळेचं वजन दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत होत्या. शेवटी आईच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत ठेवलेली सराफाची पावती निघाली. सोनं परत घ्याल तेव्हा वजन करून, यादीवर दोघांच्या सह्या घेऊन. आणि कन्सेंट टर्म्समध्ये ‘स्त्रीधन मिळाले’ असं वाक्य प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत लिहू देऊ नका.

निवृत्त कॅशियर

आयुष्य बँकेत गेलं म्हणून कर्जाबद्दल लिहितो, कारण यात माणसं फार फसतात.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘यापुढे हप्ते पती भरील’ असं लिहिलं तरी बँक त्याने बांधली जात नाही. बँकेशी करार दोघांनी केलाय. त्याने हप्ता चुकवला की नोटीस दोघांना आणि सिबिल दोघांचं खराब. उद्या बहिणीला स्वतःसाठी कर्ज हवं असेल तेव्हा हे आडवं येतं. त्यामुळे हुकूमनामा होण्याआधी तीनपैकी काहीतरी एक पक्कं करा: फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्या, किंवा त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर कर्ज घेऊन तिला मोकळं करावं आणि तिच्या हिश्शाचे पैसे द्यावेत, किंवा उलट. बँक त्याची एकट्याची पात्रता नव्याने तपासते, त्याला महिना-दोन महिने लागतात. सहकर्जदाराचं नाव कमी केल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. तोंडी ‘हो जाएगा मॅडम’ चालणार नाही.

आणखी एक. फ्लॅटमधला हिस्सा एकमेकांना द्यायचा असेल तर हुकूमनाम्याच्या आधी दिलेला बरा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. घटस्फोट झाल्यावर ते नातंच उरत नाही, मग नेहमीच्या दराने शुल्क. लाखांचा फरक पडतो. घर गहाण असल्यामुळे बँकेची संमती मात्र लागेल.

संयुक्त खातं असेल तर त्याचं चेकबुक कुणाकडे आहे? ओव्हरड्राफ्ट किंवा जोडकार्ड असेल तर बँकेला आजच लेखी कळवा.

चहाबाज

वाचनखूण साठवली. हा धागा लग्नाआधी वाचायला द्यायला हवा.

काळाकोट

कॅशियरसाहेबांशी सहमत, फक्त क्रम सांभाळा. बहिणीने हिस्सा सोडायचा असेल तर तिचे पैसे आणि तिची सही एकाच बैठकीत. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, १९९१ पासून कायदा याबाबत स्पष्ट आहे. म्हणून आम्ही रक्कम टप्प्याने लावतो. काही भाग पहिल्या अर्जाच्या दिवशी, मोठा भाग दुसऱ्या अर्जाच्या, म्हणजे परत येऊन ‘हो’ म्हणायच्या दिवशी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने, त्याचा क्रमांक टर्म्समध्ये लिहून. पोलिस तक्रार झालेली असेल तर ती उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते, मग शेवटचा हप्ता त्या दिवसाला बांधतात. तुमच्याकडे तक्रार नाही, तेवढं सोपं.

एकरकमी रकमेवर बहिणीला साधारणपणे आयकर लागत नाही, दरमहा मिळणारी पोटगी मात्र तिच्या उत्पन्नात धरतात. आकडा ठरवताना सीएला विचारा.

तारखेवर तारीख

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे नवरा. धागा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितोय.

माझी केस संमतीची नव्हती. मी क्रौर्याच्या कारणावरून अर्ज केला, तिकडून नांदायला नेण्याचा दावा आला, मग दंडाधिकाऱ्यांकडे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज. तीन ठिकाणी तीन वकीलपत्रं. न्यायाधीश बदलले, माझी उलटतपासणी अर्धवट राहून परत पहिल्यापासून सुरू झाली. अजून चालू आहे. ‘लग्न पूर्ण मोडलंय’ एवढ्या कारणावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही, तो विशेष अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलंय. त्यामुळे एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला क्रौर्य, परित्याग असं काहीतरी सिद्ध करतच बसावं लागतं.

या धाग्यावरच्या नवऱ्यांना, असतीलच काही: अंतरिम पोटगीचा आदेश झाला की भरा, आवडो न आवडो. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. पोटगी कमी व्हावी म्हणून नोकरी सोडायचा सल्ला माझ्या मित्रांनी दिला होता. असल्या गोष्टी न्यायाधीश रोज बघतात. फ्लॅट भावाच्या नावावर करण्याचीही तीच गत. पोटगी बायकोच मागू शकते असंही नाही. कलम २४ मध्ये नवराही मागू शकतो, पण धडधाकट माणसाने मागितली तर मिळणं कठीण.

मुलाला भेटतो ते कोर्टाच्या आवारातल्या बालकक्षात, शनिवारी. प्लास्टिकची एक घसरगुंडी आहे, तिची एक बाजू तारेने बांधलेली. शेजारी दुसरे बाप बसलेले असतात, सगळ्यांच्या हातात कुरकुऱ्यांची पाकिटं. कोयनाकाठ, तुमच्या बहिणीला माझी विनंती, भेटीच्या अटी लिहिताना ‘परस्पर सोयीने’ असं मोघम लिहू नका. दिवस, वेळ, कुणी आणायचं, गणपतीत कुठे, मे महिन्यात किती दिवस, व्हिडिओ कॉल कधी. मोघम लिहिलं की ज्याच्याकडे मूल असतं त्याचीच सोय होते.

कोयनाकाठ

तारखेवर तारीख, मनापासून लिहिलंत. हे बहिणीला दाखवते. मुलीने बाबांना भेटू नये असं तिचं अजिबात नाही.

मुलगी पाच वर्षांच्या आत आहे म्हणून ताबा आईकडेच, हे खरं का? आणि पाच झाल्यावर?

अबोली

आमच्या समुपदेशकबाई म्हणायच्या, पाचव्या वाढदिवसाला कुणी मूल उचलून नेत नाही.

काळाकोट

बरोबर. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांपर्यंत ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असं आहे. पुढे मुलाचं हित बघतात, आणि मूल जिथे रुळलंय ती घडी मोडायला न्यायालय सहसा राजी नसतं. संमतीत ताबा आईकडे लिहिला की प्रश्न मिटला. फक्त पासपोर्ट, शाळा बदलणं, परदेशी नेणं यांसाठी कुणाची सही लागेल ते आत्ताच लिहा. नाहीतर दहा वर्षांनी शाळेची सहल सिंगापूरला निघते आणि सहीसाठी बाप शोधत फिरावं लागतं.

वाडीकर

बराच विचार केला. फारकतीच्या कागदाबद्दलचं माझं मत मागे घेत नाही, गावात प्रत्येकाला कोर्ट परवडत नाही हे शहरातल्यांना कळत नाही. वकिलाची फी कुठून आणायची?

काळाकोट

रास्त प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, साधा अर्ज करायचा. घटस्फोट, पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. पंचांनी कागदासाठी किती घेतले ते चुलतभावाला विचारून बघा.

आणि ‘कोर्टात गेलात तर वाळीत टाकू’ अशी भाषा कुठे होत असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याच राज्यात आहे.

म्हापशेकार

अवांतर आहे, पण ‘निम्मा वाटा’ कुठून आला ते सांगतो. आमच्या गोव्यात तसंच आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि घटस्फोटात दोघांना अर्धी अर्धी. जोडीदाराच्या सहीशिवाय घर विकताही येत नाही. माझी मामेबहीण लग्न करून कोल्हापूरला गेली, तिला वाटत होतं तिथेही असंच असेल. तेव्हा इंटरनेटवर वाचताना कुठल्या प्रदेशाबद्दल लिहिलंय ते बघा.

सात समुद्र

माझीही भर. मी न्यू जर्सीत असते. इथे नवऱ्याने परस्पर घटस्फोट मिळवला आणि बायको भारतात, असं आमच्या मंडळात झालंय. लग्न भारतात हिंदू पद्धतीने झालं असेल, आणि ती इथल्या न्यायालयात हजर झाली नसेल, कारणही आपल्या कायद्यात नसलेलं असेल, तर तो हुकूम भारतात मान्य होत नाही. १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. इथली नोटीस आली तर घाबरून उत्तर पाठवण्याआधी भारतातल्या वकिलाला दाखवा, कारण उत्तर देणं म्हणजे इथलं अधिकारक्षेत्र मान्य केलं असा अर्थ निघू शकतो.

कोयनाकाठ

अपडेट. मेहुण्यांशी बहीण स्वतः फोनवर बोलली. कोर्टातून करायला त्यांची ना नाही, उलट तो कागदही गावच्या काकांनीच करून आणलेला होता. फ्लॅट विकायचा असं दोघांचं प्राथमिक ठरलंय. सोन्यावर मात्र सासूबाई अडून आहेत.

एक छोटा प्रश्न. त्या रविवारच्या बैठकीत भावाने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलंय. मेहुण्यांचे जुने कॉलही बहिणीकडे आहेत. कामाला येतं का?

काळाकोट

पती-पत्नीतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक प्रकरणात पुरावा म्हणून चालू शकतं, असं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. मूळ फोन जपून ठेवा, फाइल कापू-जोडू नका. वापरायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागेल. पण तुमचं प्रकरण संमतीकडे चाललंय. आत्ता ते कुणाला ऐकवू नका. रेकॉर्डिंग आहे असं कळलं की मेहुणे फोनवर बोलायचे बंद होतील आणि त्यांच्या जागी वकील बोलतील.

सासूबाईंसाठी: फ्लॅटचा मोठा हिशेब मिटेपर्यंत सोन्याचा हट्ट ताणू नका, पण टर्म्सवर सही करण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत सोनं यायलाच हवं हे मेहुण्यांना सांगा. लॉकर आईचा असला तरी पुन्हा लग्न करायची घाई मेहुण्यांना आहे ना? बहुतेक वेळा मुलगाच आईला समजावतो.

आणखी एक राहिलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघं एकमेकांचे कायदेशीर वारस आहेत. बहिणीच्या नावावर जे काही असेल त्याचं मृत्युपत्र करून ठेवा, विमा आणि बँक खात्यांची नामनिर्देशनं बदला. मेहुण्यांनाही हेच सांगितलंत तरी चालेल, यात लपवण्यासारखं काही नाही.

निवृत्त कॅशियर

फ्लॅट विकताय तर खरेदीदाराचा चेक दोघांच्या नावे वेगवेगळा काढायला सांगा, हिश्शाप्रमाणे. एकाच्या खात्यात सगळे जमा करून ‘मग देतो’ नको.

पावसाळी

मध्येच विचारते, क्षमस्व. माझी केस दोन वर्षांपासून लढतीची चालू आहे, आता नवरा संमतीला तयार झालाय. सगळं परत पहिल्यापासून करावं लागतं का?

काळाकोट

नाही. चालू असलेल्या अर्जाचंच कलम १३ ब मध्ये रूपांतर करून मागता येतं. दोघांनी मिळून तसा अर्ज आणि सोबत कन्सेंट टर्म्स द्यायच्या, बाकीच्या न्यायालयांत प्रकरणं असतील तर तिथे पुरसीस (न्यायालयाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) देऊन ती मागे घ्यायची. दोन वर्षं वेगळे असाल तर सहा महिन्यांच्या माफीसाठीही त्याच वेळी अर्ज करा. हुकूम झाल्यावर प्रमाणित नकला तीन-चार एकदम काढून ठेवा. पासपोर्टला, बँकेला, सोसायटीला, प्रत्येक जण एक मागतो.